पाठ टेकण्याचा हक्क

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. यात कुठल्याही सरकारचा दोष नाही, हे मी सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. कारण बाकी जे जे आमच्याकडे नाही, त्यात कुणाचा ना कुणाचा दोष काढता येतो. रेल्वेचेच घ्या. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्ग मंजूर झाला १९९५ साली. तेव्हा मी दहावीला होतो. बीडच्या स्टेशनात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, माझे बी.कॉम. झाले, बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे झाली आणि माझा मुलगा दहावी पास झाला. रेल्वेला तीस वर्षे लागली, तर समुद्राला किती लागतील हा हिशेब कॅल्क्युलेटरवर मावणारा नाही. समुद्र आमच्याकडे येत नाही, म्हणून आम्हीच समुद्राकडे जातो.

आणि भांडण तिथूनच सुरू होते. समुद्रकाठच्या गावात पोचलो की आम्हांला दोन प्रश्न विचारले जातात. कसे आलात? आणि कुठे उतरलात? या दोन उत्तरांवरून आमची किंमत ठरते. 'स्वतःच्या गाडीने आलो, रिसॉर्टला उतरलो' म्हटले की शहाळे आपोआप पुढे येते. 'हात करत करत आलो आणि अजून कुठेच उतरलो नाही' म्हटले की समोरचा माणूस आपल्या पिशवीकडे बघतो आणि मग स्वतःच्या खिशाकडे.

माझे म्हणणे सरळ आहे. मिळेल त्या वाहनाने जाणे आणि परवडेल तिथे पाठ टेकणे, ही आपली जुनी आणि मानाची रीत आहे. तिला भिकारपणा म्हणणाऱ्यांशी मला चार शब्द भांडायचे आहेत. मी बँकेत असल्यामुळे भांडणाची सवय आहे. फक्त आज 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून मध्येच उठता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाला कसली आली चणचण? तुम्हांला एल.एफ.सी. मिळते. मिळते ना! पण एल.एफ.सी. म्हणजे बँक आम्हांला जाण्यायेण्याचे भाडे देते. गेल्यानंतर आणि येण्यापूर्वी ज्या रात्री लागतात, त्या कर्मचाऱ्याने आपल्या जबाबदारीवर काढायच्या असतात. मी मे महिन्यात मालवणला एका ठिकाणी खोलीचा भाव विचारला. तीन हजार. मी कॉमर्सचा पदवीधर. सहा तास झोपलो तर तासाला पाचशे रुपये. आमच्या मॅनेजरसाहेबांना जागेपणी यापेक्षा फारसा जास्त दर पडत नाही, आणि दुपारी तीननंतर तर त्यांचे तेही झोपेतच असते. शिवाय या तीन हजारांत मला काय मिळणार? ज्या समुद्रासाठी पाचशे किलोमीटरहून जास्त आलो, तो दिसू नये म्हणून लावलेला जाड पडदा आणि ज्याचा वारा खायला आलो, तो आत येऊ नये म्हणून लावलेला ए.सी.!

पुढच्या ठिकाणी भाव कमी होता, पण अडचण मोठी होती. गल्ल्यावरच्या गृहस्थाने विचारले, "खंयसून इलात?"

"बीडहून."

"किती जणां?"

"एकटाच."

"एकट्याक रूम देणव नाय आमी."

सौ. आणि चिरंजीव तिच्या माहेरी लग्नाला गेलेले. आता एकट्या पुरुषाला खोली का देत नाहीत, हे मला माहीत आहे. कुणीतरी कधीतरी खोलीत जाऊन नको ते करून घेतलेले असते. पण म्हणून प्रत्येक एकटा माणूस तेच करायला आला आहे, हे गृहीत का? बँकेत आम्ही प्रत्येक कर्जदार बुडवणारच असे धरून चालतो हे खरे, पण निदान फॉर्म तरी देतो.

तिसरे ठिकाण होते नव्या पद्धतीचे 'हॉस्टेल'. म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक पलंग. भाव परवडणारा. मी आनंदाने आधार कार्ड काढले. काउंटरवरच्या पोराने जन्मतारीख पाहिली आणि फार सभ्यपणे सांगितले, "अंकल, आमच्याकडे एज लिमिट आहे. चाळीस." स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा ओलांडली तेव्हाही मला इतके लागले नव्हते. सरकारी नोकरीला वय झाले हे समजू शकतो. झोपायला वय होते, हे मला त्या दिवशी कळले.

पण झोपेच्या आधी प्रवास. कारण लिफ्ट मागणाऱ्याचीही अशीच बदनामी झालेली आहे.

पाश्चात्त्य देशांत रस्त्याकडेला उभे राहून अंगठा दाखवला की मोटार थांबते. आपल्याकडेही थांबेल, पण आतला माणूस बाह्या सरसावत उतरेल. कारण आपल्यात त्याला ठेंगा म्हणतात. आणि आमच्या बँकेत अंगठ्याचा अर्थ तिसराच आहे. पूर्वी 'निशाणी डावा अंगठा' होता, आता आधारचे यंत्र आहे. म्हणून आपली पद्धत वेगळी. तळहात खाली करून, समोर उभ्या नसलेल्या म्हशीच्या पाठीवर थोपटावे, तसा हात वरखाली हलवायचा. याला 'हात करणे' म्हणतात. हात केल्यावर ड्रायव्हर आपल्या तोंडाकडे बघत नाही, सामानाकडे बघतो. चाकांची बॅग दिसली की गाडीचा वेग वाढतो. नायलॉनची पिशवी दिसली की कमी होतो. पिशवीतून भाकरीचे फडके डोकावत असेल तर ब्रेक नक्की.

मी बीडहून मालवणला असाच गेलो. बीडपासून सोलापूरपर्यंत कांद्याच्या ट्रकमध्ये, कारण आमच्या भागाचा कांदा सोलापूरच्या बाजाराला जातो आणि ज्या वाटेने कांदा जातो, त्या वाटेने माणूसही जाऊ शकतो. येरमाळ्याच्या पुढे ड्रायव्हरने मला विचारले, "सायेब, तुम्ही बँकेत हाव ना? मग असं हात करत कामून हिंडताव?"

मी म्हटले, "बँकेत आहे म्हणूनच. तिथला पैसा सगळा दुसऱ्यांचा असतो."

त्याला हे इतके पटले की तुळजापूरला त्याने मला चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. सोलापूर ते कोल्हापूर एका औषध-विक्रेत्याची मोटार मिळाली. तो बिचारा मला हप्त्यांवर घर घ्यावे की नाही, हे सांगोल्यापासून मिरजेपर्यंत विचारत होता. म्हणजे प्रवास फुकट झाला असे कुणी म्हणू नये. मी तो ओव्हरटाइम समजतो. आणि कोल्हापुराहून भाजीचा टेम्पो, फोंडा घाटातून थेट कणकवली आणि मालवण. टेम्पोच्या मालकाला रात्री घाटात जागे ठेवणारा माणूस हवा होता. मी त्याला ठेवीवरील व्याजाचे नियम समजावून सांगायला लागलो, तेव्हा त्यालाच झोप येऊ लागली. मग त्याच्या दोन्ही मेव्हण्यांची चौकशी सुरू केली. तो मालवणपर्यंत टक्क जागा होता.

सांगायचे तात्पर्य, लिफ्ट म्हणजे भीक नव्हे. तो सौदा असतो. एकाकडे रिकामी जागा असते, दुसऱ्याकडे रिकामा वेळ असतो. पण कायद्याला हे कोण सांगणार? २०१८ साली ऐरोलीला एका मोटारवाल्याने भर पावसात रस्त्यात उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना गाडीत घेतले. पोलिसांनी त्याचा परवाना ठेवून घेतला आणि खासगी वाहनात परकी माणसे नेली म्हणून त्याला कोर्टात जाऊन दंड भरावा लागला. विनापरवाना भाडे मारणाऱ्यांना आवरायला केलेले कलम. सापडला कोण, तर भिजणाऱ्याला आत घेणारा! आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने आपल्याला देशभर कुठेही फिरण्याचा हक्क दिला आहे. कशात बसून, ते दिलेले नाही.

आता माझ्या भांडणाचा मुख्य मुद्दा. मालवणच्या खाली लागूनच गोवा. गोव्याची जगभर कीर्ती कुणी केली? साठच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतली तरुण पोरे इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा खुष्कीचा रस्ता धरून हिंदुस्थानात आली. कुणी मोडक्या बसमधून, कुणी आमच्यासारखेच हात करत. त्यातली पुष्कळशी हणजुणे आणि कळंगुटच्या किनाऱ्यावर पोचली. खिशात पैसे नव्हते. कुणी माडाखाली झोपले, कुणी कोळ्याच्या घराच्या पडवीत चटई टाकली. पैसे संपले तेव्हा अंगावरचे कपडे आणि गिटारी विकायला वाळूत मांडल्या. त्याचाच पुढे हणजुण्याचा बुधवारचा बाजार झाला. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या, आणि तो रस्ता बंद पडला. पण तोवर गोव्याचे नाव झाले होते. आज तो फुकट झोपलेला माणूस पुस्तकांत गेला आहे. त्याला 'मुक्त जीवनाचा शोध घेणारा प्रवासी' म्हणतात.

आणि आमच्या जिल्ह्यातून निघालेल्या एखाद्या खासगी बसमधली चाळीस माणसे त्याच गोव्यात रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून पिठले टाकतात, तेव्हा त्यांना काय म्हणतात? 'उपद्रव' म्हणतात. २०२२ साली गोव्याच्या पर्यटन खात्याने उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत दंडाचा हुकूम काढला. पन्नास हजार! त्या बसमधल्या सगळ्या माणसांचे पिठले, भाकरी, ठेचा आणि डिझेल मिळून तेवढे होत नाही. वर अधूनमधून मंत्री सांगतात की आम्हांला 'दर्जेदार पर्यटक' हवेत. दर्जा कशावरून ठरतो, हे मी काउंटरवर वीस वर्षे बघतो आहे. खात्यातल्या शिलकीवरून.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे, नाहीतर किनाऱ्यावरची माणसे म्हणतील की बीडवाला आपलेच घोडे दामटतो. त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. वाळूत फुटक्या बाटल्या पडतात, कागदी ताटल्या पडतात, विहिरीवर गर्दी होते, घाण होते. जो घाण करील त्याला जरूर दंड करा. बीडचा असला तर दुप्पट करा, मी पावती फाडायला येतो. पण घाण आणि गरिबी यांची सांगड कुणी घातली? किनाऱ्यावरून ज्या मोठमोठ्या गाड्या वाळू उडवत पळवल्या जातात आणि भरतीत अडकल्या की ट्रॅक्टर लावून ओढाव्या लागतात, त्या एस.टी. स्टँडवर झोपणाऱ्यांच्या नसतात. ती मंडळी दर्जेदार असतात. त्यांचे बिल मोठे असते, त्यामुळे त्यांची बाटलीही दर्जेदार ठरते. दंड बाटलीला करा, बिछान्याला करू नका, एवढेच माझे मागणे आहे.

एस.टी. स्टँडवरून आठवले. पूर्वी स्टँडवर लांबलचक बाकडी असत. माणूस पिशवी उशाला घेऊन आडवा होई आणि सकाळच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या आरोळीने उठे. आता स्टीलच्या खुर्च्या आल्या आहेत आणि दर दोन खुर्च्यांच्या मध्ये एकेक दांडी. म्हणे, हात ठेवायला. चाळीस वर्षे मी माझे हात माझ्या मांडीवर ठेवतो आहे, त्यांची काही तक्रार नाही. ती दांडी हातासाठी नाही, पाठीसाठी आहे. कुणी आडवे होऊ नये म्हणून कुणीतरी टेबलाशी बसून, डोके चालवून ती काढलेली आहे. आमच्या शाखेतही अशाच खुर्च्या आल्या. परवा एक म्हातारबा पेन्शनसाठी तीन तास बसले. शेवटी दोन दांड्यांमधून पाय घालून त्यांनी जे काही आसन केले, ते योगाच्या पुस्तकातही नसेल.

आडवे होणे हा आपल्याकडे कधीपासून गुन्हा झाला? दरवर्षी आषाढीपूर्वी आमच्या जिल्ह्यातून दोन मोठ्या पालख्या जातात. शेगावहून गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून, मुक्ताबाईंची बीडवरून. हजारो माणसे पायी येतात, शाळेत झोपतात, देवळात झोपतात, आमच्या ओसरीवर झोपतात. त्यांचे एज लिमिट कुणी विचारत नाही. 'एकटे आहात का' असे विचारले तर वारकरी हसेल आणि सांगेल, पांडुरंग बरोबर आहे. आणि आमच्या पाटोदा-आष्टीच्या शेजारीच, जामखेड तालुक्यात, चौंडी नावाचे गाव आहे. तिथे १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. त्यांनी परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. परक्या मुलुखातल्या वाटसरूला रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे त्या काळात राज्यकर्त्यांना कळत होते. त्यांनी धर्मशाळेच्या ओट्यावर दांड्या बसवल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट, विनोदी लेखात न बसणारी. दर दिवाळीच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने फडाशेजारी कोपीत झोपतात. मालाच्या गाडीत बसून जाणे आणि उघड्यावर झोपणे यांत बीडच्या माणसाइतका अनुभव हणजुण्याच्या कुठल्याही हिप्पीला नसेल. हे लोक साखर करायला जातात तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही. त्यांच्यातलाच कुणी दोन दिवस नुसता समुद्र बघायला गेला, तर मात्र 'कुठे उतरलात?'

ही सगळी तोफ मी घरी एकदा सौ.समोर डागली. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे सगळं तुम्हां पुरुषांचं. मी हात केला तर कोणती गाडी थांबंल, आन् थांबली तर मी बसंन का? स्टँडवर मी झोपंन का?"

मी गप्प बसलो. मग तीच पुढे म्हणाली, "मार्च तेवीसपासून आम्हांला एस.टी.चं अर्धं तिकीट झालं. शेजारच्या काकू तर पंच्याहत्तरच्या पुढं गेल्या, त्यांना सगळंच फुकट. आम्ही दोघी उद्या मालवणला जाऊ. पण रात्री कुठं जाऊ?"

वाचकहो, मी बी.कॉम. असूनही हा ताळेबंद तिने मांडला. सरकारने जमेच्या बाजूला अर्धे तिकीट लिहिले, नावेच्या बाजूला रात्र तशीच कोरी ठेवली. पुरुष निदान वाळूवर पंचा टाकून पडू शकतो. बाईला दार लागणारी, दिव्याखालची, शंभर-दोनशे रुपयांत परवडणारी जागा हवी. तशी नसेल तर समुद्र तिच्यासाठी एस.टी.त लावलेल्या जाहिरातीपुरताच राहतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चांगले झाले. पण पर्यटक म्हणजे तीन हजारवाला एवढाच अर्थ सरकारी जी.आर.मध्ये आहे काय?

टीका करणाऱ्याने उपायही सांगावा असा संकेत आहे, म्हणून सांगतो. आणि तो माझा नाही. १९०९ साली रिखार्ड शिरमान नावाचा एक जर्मन शिक्षक मुलांना पायी सहलीला घेऊन निघाला. वाटेत वादळ आले. एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. वर्गात गवत अंथरून मुले झोपली आणि हा मास्तर रात्रभर जागा राहून विचार करत बसला, की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर त्यांत वाटसरूंना का झोपू देऊ नये? १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह निघाले आणि तो प्रकार जगभर पसरला. त्या मास्तराला जे एका रात्रीत सुचले, ते आमच्याकडे वारकऱ्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आम्ही फक्त त्याची पेटंट घेतली नाही.

समुद्रकाठच्या गावांतही शाळा आहेत, आणि दिवाळीत नि मे महिन्यात, म्हणजे नेमक्या हंगामात, त्या कुलूपबंद असतात. एक वर्ग बायकांना, एक पुरुषांना. सतरंजी, दिवा, पाणी, स्वच्छ संडास आणि दारात गावचीच पगारी राखणदार मावशी. माणशी शंभर-दीडशे रुपये घ्या, रीतसर पावती द्या, आलेले पैसे शाळेच्या छपराला लावा. घाण केली तर सकाळी त्याच माणसाच्या हातात झाडू द्या. तीन हजारवाल्यांचा धंदा याने बुडणार नाही. ते वर्गात झोपायला येणार नाहीत आणि आम्ही तसेही त्यांच्या रिसॉर्टात जाणार नव्हतो. गावाला उलट चार जेवणावळींचे गिऱ्हाईक मिळेल. मासे आम्ही विकतच घेणार आहोत, ते काही बीडहून आणत नाही.

आमच्या मॅनेजरसाहेबांना ही योजना सांगितली, तर त्यांनी एकच शंका काढली: वर्गात, बाकाशेजारी, खडूच्या धुळीत माणसाला झोप लागेल का? साहेब लातूरचे आहेत, हुशार विद्यार्थी होते, म्हणून त्यांना शंका येते. मी त्यांना छातीठोकपणे सांगितले, बाकीच्यांचे माहीत नाही, पण माझी झोप गणिताच्या तासालासुद्धा मोडत नसे.